शेवटचे थेंब राखणदाराचे

काजूची बोंडं पिकू लागली की आमच्या प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत त्यांचा वास येतो. खरं म्हणजे येता कामा नये. गाळलेल्या हवेशिवाय आत काही शिरू नये, अशीच ती खोली बांधलेली आहे. एकामागोमाग दोन दारं, दारात चिकट पायपुसणं, अंगावर पांढरा झगा, डोक्याला टोपी, हाताला मोजे. माशीचीसुद्धा तिथे डाळ शिजत नाही. पण मार्च लागतो, आणि एखाद्या दुपारी मी नळीतून पडणारे थेंब बघत बसलेली असते, तेव्हा तो आंबटगोड, जरासा कुजका, जरासा चढलेला वास नाकाशी येऊन बसतो. सहकारी म्हणतात, तुला भास होतो. असेल. भास असला तरी वेळेवर येतो, डिचोलीच्या बसपेक्षा नक्कीच.

यंदाही आला. आला आणि मला तो एक मोसम आठवला. त्या मोसमात मी आठवडाभर लोखंड गाळत होते, रविवारी हळर्णला बाबा हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, गाळत होते, आणि दोन्हीकडे मी थेंबांकडेच बघत होते. आता मागे वळून बघितलं तर कुठला थेंब कुठे पडला हे नीट वेगळं काढता येत नाही. सगळा उन्हाळा एकाच नळीतून टपकल्यासारखा वाटतो.

मी नक्की काय काम करते हे माहेरी हळर्णला आणि सासरी डिचोलीला, दोन्हीकडे सारखंच कळलेलं नाही. मी दगडातलं लोखंड जोखते. किती आहे ते नव्हे, कसलं आहे ते. लोखंडाचे अणू स्वभावानं सगळे सारखे, पण वजनात थोडे उन्नीस-बीस. एकाच आईची मुलं, एक अंगानं जरा भरलेलं, एक किडकिडीत. कुठल्या दगडात भरलेले किती आणि किडकिडीत किती, यावरून तो दगड कसल्या पाण्यात किंवा कसल्या आगीत जन्मला याचा माग लागतो. माझ्या सासऱ्यांनी उभी हयात खनिजाचा ट्रक चालवला, म्हणून त्यांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. आमच्या यंत्रात लोहचुंबकाचं एक वळण आहे. हलका अणू वळणावर आत वळतो, भरलेला बाहेरून जातो, आणि पलीकडे बसून आम्ही दोघांना मोजतो. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आणि तुका ह्येचा लायसन कोणी दिला?"

लायसन्स मिळालं होतं, पण पंचाईत निराळीच होती. ज्या खोलीत बाहेरच्या लोखंडाचा कणही चालत नाही, त्या खोलीत काम करायला मी डिचोलीतून येत होते. आमच्याकडे लोखंड कुठे नाही? खाणी बंद पडल्या तरी लाल धूळ गेलेली नाही. ती खिडकीच्या गजांवर आहे, तुळशीच्या पानांवर आहे, पोदेर सकाळी पाव आणतो त्याच्या सायकलच्या घंटीवर आहे. मी रोज डोक्यावरून आंघोळ करून निघायची. बांगड्या, मंगळसूत्र, कुंकू, सगळं घरी. पहिल्यांदा तशी निघाले तेव्हा सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. "मोकळ्या कपाळान खंय चल्लंस गो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दगडाला चालत नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि त्या आत निघून गेल्या.

आमच्या प्रमुख होत्या सामंत मॅडम. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्यांच्या मनात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती. जगात कुठेही दगडातलं लोखंड जोखायचं, तर आधी आपला काटा बरोबर आहे ना हे बघावं लागतं. वाण्याकडे जसं शिक्क्याचं वजन असतं, तसा आमच्याकडे प्रमाण दगड असतो. एखादा चांगला दगड निवडायचा, मैद्यासारखा दळायचा, बाटल्यांत भरायचा, पुन्हापुन्हा जोखून त्याची किंमत पक्की करायची आणि मग तो सगळ्या प्रयोगशाळांना वाटायचा. असले सगळे दगड आम्ही बाहेरून मागवायचो. "इथून जहाजं भरभरून लोखंड गेलं," मॅडम म्हणायच्या, "आणि माप मात्र आपण दुसऱ्यांचं वापरतो."

म्हणून आम्ही दोघींनी डिचोलीजवळच्या एका खाणीतून एक दगड आणला होता. लाल आणि काळ्या पट्ट्यांचा, घडी घातलेल्या लुगड्याच्या काठासारखा. आम्ही आणला आणि पुढच्या पावसाळ्यात ती खाण पाण्यानं भरली. आता तिथे हिरवंगार तळं आहे, काठावर बगळे उभे असतात, आणि तो पट्टा कुठेतरी तळाशी आहे. पुन्हा आणता येणार नाही. दळून त्याच्या बाटल्या भरल्या, फडताळात ओळीनं लावल्या, आणि नाव ठेवलं 'डिचोली-एक'. मला त्या ओळीसमोर उगाच उभं राहायला आवडायचं. जन्मभर पायाखाली, चादरीत, केसांत जे होतं ते आता झाकण लावून, नाव लावून उभं होतं.

पण नाव लावून किंमत येत नाही. डिचोली-एकचा आकडा लोकांनी मानायचा तर आधी आमच्याकडे आलेला परका प्रमाण दगड, एका दूरच्या ज्वालामुखीचा काळा चुरा, आमच्या हातून बरोबर जोखला गेला पाहिजे. त्याचा आकडा सगळ्या जगाला माहीत. आमचा काही केल्या जुळत नव्हता. आणि मे संपताना मॅडम निवृत्त होणार होत्या. नव्या साहेबांना समुद्राच्या गाळात रस होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेपर्यंत जुळलं नाही, तर डिचोली-एक म्हणजे फडताळातली धूळ. ती तर आमच्याकडे फुकट मिळते.

आकडा नेहमी जड यायचा. कधी थोडा जड, कधी बराच जड, पण हलका कधीच नाही. मॅडमना संशय आला तो माझ्या डिचोलीचा. "केसांतून येत असेल," त्या म्हणाल्या. मी केस कापले. आईनं बघितलं आणि विचारलं, कोणाचं सुतक? मग आम्हाला आम्लाचा संशय आला, मग यंत्राचा, मग गाळलेल्या हवेचा. मी सकाळी नळ्या भरायची. आम्लात विरघळवलेल्या दगडाचा रस वरून ओतला की नळीतल्या बारीक मण्यांच्या थरावर लोखंड पिवळं होऊन बसतं, हळदीच्या पाण्यासारखं. बाकी सगळे धातू निघून जातात. मग सौम्य आम्ल घालायचं, की तो पिवळा पट्टा हळूहळू खाली सरकतो आणि टोकाशी येऊन थेंब थेंब पेल्यात उतरतो. बघता बघता डुलकी यायची. त्या अर्धवट झोपेत नळीचं टोक म्हणजे तेरेखोलची फेरीबोट व्हायची. अलीकडे माणसं, पलीकडे माणसं, आणि बोट आपली कुणाला उतरवतेय, कुणाला घेतेय. थेंब पडला की मी दचकून जागी व्हायची.

शनिवारी संध्याकाळी मी हळर्णला जायची. त्या वर्षी बाबांना खोकला होता. "भाटीचो धूर," ते म्हणायचे, आणि पुन्हा धुरातच जाऊन बसायचे. आमची भाटी डोंगरीच्या उतारावर. तिथून उभं राहिलं तर किल्ल्याची पडकी भिंत झाडांत दिसते आणि खाली नदी चमकते. सकाळी आई आणि मी बोंडं गोळा करायचो. खाली पडलेलीच उचलायची, झाडावरचं तोडायचं नाही. बिया पिळून बाजूला, बोंडं खडकात कोरलेल्या खळग्यात. माझा भाऊ अनंत ती पायांनी तुडवायचा. रस मडक्यांत ठेवला की तो आपोआप आंबायचा, बुडबुडे यायचे, कान लावला तर कुणीतरी कुजबुजल्यासारखं ऐकू यायचं. मग तो तांब्याच्या भाणात चढायचा. खाली जाळ, भाणातून निघालेली नळी थंड पाण्याच्या टाकीतून फिरून बाहेर, आणि तिच्या तोंडाशी कळशी. आधी धार, मग थेंब. धूर, वास, ऊन, आणि मधूनच पिकलेलं बोंड पडल्याचा मऊ आवाज. तिथे बसलं की वार आणि महिना विसरायला होतं.

भाटीच्या वर एका किंदळीच्या झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. ती सगळी डोंगरी त्याची, आम्ही कसणारे. इतर लोक पहिली धार राखणदाराला देतात. बाबांची रीत उलटी होती. धार संपून थेंब सुरू झाले, थेंबांची चमक गेली, की ते कळशी बाजूला ओढायचे. नळी तशीच टपकत राहायची आणि ते उरलेले थेंब मातीत जिरायचे. "रवले ते त्येचे," बाबा म्हणायचे. लहानपणापासून मी ते ऐकलं होतं. पाच-सहा वर्षांची असेन तेव्हा कळशी ओढायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी नजर थेंबावरून हलत नसे. मोठी झाल्यावर मला शहाणपण सुचलं.

"बाबा, शेवटचो माल पाणचट असता. तो राखणदाराक दितात? बरा दिसता?"

"त्येका चव खंय?" बाबा म्हणाले. "त्येका मान होयो."

"आणि पाणचट थेंबे कळशीत पडले तर हुर्राक बिघडता, ता नाय सांगणात!"

"ताय आसा," ते म्हणाले आणि खोकत खोकत हसले.

एप्रिल गेला. आकडा जडच. एकदा मॅडम फडताळ उघडून बाटल्यांकडे बघत उभ्या होत्या. मी आले हे त्यांना कळलं नाही. त्यांनी एका बाटलीवरची नसलेली धूळ पदरानं पुसली आणि दार लावून घेतलं. मी आल्या पावली परत फिरले आणि जिन्यात जाऊन रडले. दगडासाठी रडणारी बाई आमच्या घराण्यात मीच पहिली.

मग मेमधला तो रविवार. जेवणानंतरची वेळ, ऊन डोंगरीवर नुसतं पसरलेलं. अनंत लाकडं आणायला गेला होता. बाबांना दम लागला म्हणून ते किंदळीला टेकून बसले आणि भाटीपाशी मी बसले. जाळ मंद होता. धार बारीक झाली, तुटली, थेंब झाले. थेंबांमधलं अंतर वाढलं. मी काहीच विचार करत नव्हते. कदाचित झोपेतच होते. आणि बाबा काही बोलायच्या आत माझा उजवा हात पुढे गेला आणि त्यानं कळशी अलगद बाजूला ओढली.

मी त्या हाताकडे बघत राहिले. तो मी ओळखला. सोमवार ते शुक्रवार तो असाच पुढे जात होता. नळीतला पिवळा पट्टा उतरून गेला, थेंबांचा रंग गेला, की तो पेला बाजूला घेत होता, आणि उरलेले बिनरंगाचे थेंब खालच्या तबकात पडत होते. ते तबक मी रोज धुवून टाकत होते. कृतीत लिहिलं होतं की शेवटपर्यंत गोळा करावं. मला कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की शेवटपर्यंतच करते. माझ्या हाताला शेवट म्हणजे जिथे चमक जाते तो शेवट. त्यापुढचं आपलं नव्हेच.

"बाबा," मी ओरडलेच, "माझो फातर चुकता तो तुमच्यामुळे!"

"माझ्यामुळे? मी तुझ्या फातराक हातय लावूक नाय."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं. लोखंड नळीतून उतरताना भरलेले अणू आधी सुटतात, हलके मण्यांना चिकटून मागे राहतात. शेवटच्या थेंबांत लोखंड थोडंच, पण सगळं हलकं. ते फेकलं तर पेल्यात उरलेलं जडच दिसणार. बाबांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे थंयचो राखणदार लोखंड पियेलो," ते म्हणाले.

"पियेलो. ताय निवडून निवडून, हलक्यातला हलका."

"बरो हुशार आसा मगे." थोडा वेळ ते नुसते धापा टाकत राहिले. मग विचारलं, "थंय शेवटचो थेंबो पडापर्यंत बसूक होया?"

"होया. नळी सुकापर्यंत."

"कंटाळो येणा नाय?"

"येता," मी म्हटलं. त्यांनी माझ्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला.

सोमवारी मी मॅडमना काही बोलले नाही. दोन पेले ठेवले. एकात रंग जाईपर्यंतचं घेतलं, दुसऱ्यात ते बिनरंगाचे, कुणाचेच नसलेले थेंब. दुसरा पेला तव्यावर सुकवला. पाणी उडून गेलं आणि तळाशी एक पिवळट सायीसारखा पापुद्रा दिसला. मी तो मॅडमसमोर धरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. यंत्रात घातल्यावर तो पापुद्रा हलका निघाला, आणि दोन पेल्यांचं मिळून गणित केलं तर काळा दगड जगाच्या आकड्याला येऊन टेकला. मॅडमनी मला कारण विचारलं. मी राखणदाराची सगळी गोष्ट सांगितली. वाटलं होतं, चिडतील. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही आजी देत असे." आणि मग लगेच, "आता डिचोली घे. शेवटपर्यंत घे." सगळ्या नळ्या मी पुन्हा केल्या. शेवटचा थेंब लोंबकळत राहायचा, पडायचा नाही, आणि मी टोकाशी पेला धरून बसायची.

यंत्रावर बाटल्या चढल्या त्याच दिवशी बाबांना म्हापशाच्या इस्पितळात नेलं. खोकला धुराचा नव्हता. मी प्रयोगशाळा सोडून धावले. यंत्रापाशी मॅडम स्वतः बसल्या. दुपारी बाबांच्या वॉर्डात पंखा फिरत होता, आई बाकावर पेंगत होती, आणि उलट्या टांगलेल्या बाटलीतून सलाईन टपकत होतं. मी खुर्ची ओढून त्या नळीकडे बघत बसले. दुसरं काय येतं मला? फोन वाजला.

"बसलं गं," मॅडम म्हणाल्या. सात वर्षांत त्यांच्या तोंडून मला 'गं' आलं नव्हतं. "दोन्ही दगड जागेवर बसले. तुझी डिचोली पक्की झाली."

मी बाबांच्या कानाशी वाकले. "बाबा, फातर बरोबर इलो."

"खंयचो?"

"डिचोलीचो."

"आणि आमच्या हळर्णचो कधी जोखतलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही बरे व्हा, आपण दोघं मिळून आणू. त्यांनी मान हलवली. माझं ऐकून हलवली की नुसतीच, कोण जाणे. मग त्यांची नजर वर बाटलीकडे गेली. ती संपत आली होती. थेंबांमधलं अंतर वाढलं होतं. बाबांनी ते बघितलं, किती तरी वेळ बघितलं, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "काढ गो आता. रवले ते त्येचे."

माझा हात उठला. खरंच उठला, नळीकडे गेला. मी तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. "नाय बाबा," मी म्हटलं, "हे नाय." नर्स आली, तिनं दुसरी बाटली लावली. त्या दुपारी मला एकसुद्धा थेंब कुणालाही द्यायचा नव्हता. राखणदारालाही नाही.

बाबा गेले तेव्हा मोसम संपत आला होता. अनंतनं भाण घासून उलटं घातलं. डिचोली-एकच्या बाटल्या आता दूरदूरच्या प्रयोगशाळांत गेल्या आहेत. कधी कुणी अनोळखी माणूस लिहून कळवतो की तुमचा दगड आमच्याकडेही तेवढाच आला. तेव्हा मी मॅडमना फोन करते, आणि बाबांना सांगायचं राहून जातं.

भाटी अनंत चालवतो. पुढच्या मोसमापासून मी रविवारी पुन्हा कळशीपाशी बसू लागले, पण कळशी ओढायला हात होईना. थेंबांची चमक जायची, अनंत ओरडायचा, "काढ गो!" आणि मी शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच बसायची. त्याचा हुर्राक दर वर्षी थोडा पाणचट व्हायचा. त्यानं एकदा चिडून विचारलं, हे काय तुझं लोखंड आहे? आईनं त्याला गप्प केलं. गिऱ्हाइकं कुरकुरली, तरी त्यानंतर तो मला कधी उठ म्हणाला नाही.

यंदा परवाच्या रविवारी गेले होते. ऊन तसंच, किंदळीखाली राखणदाराचा दगड तसाच, त्याच्यावर कुणीतरी वाहिलेलं सुकं फूल. धार बारीक झाली, तुटली, थेंब झाले. अनंत दुसरीकडे बघत होता, मुद्दामच. थेंबांची चमक गेली. मी कळशी बाजूला ओढली.

थेंब मातीत पडू लागले. त्यांचा हलका आंबूस वास वर आला. अनंतनं वळून बघितलं आणि पुन्हा जाळाकडे तोंड केलं.

"घेवा बाबा," मी म्हटलं. नळी सुकेपर्यंत मी तिथेच बसून राहिले.